माझ्या वतीने मत द्या: प्रॉक्सी म्हणजे कायद्याने काय?

गोमती नगरातून बोलतो आहे. ज्यांना लखनौ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथले जवळजवळ सगळे विभाग ‘वि’ या अक्षराने सुरू होतात. विपुल खंड, विनय खंड, विवेक खंड, विराम खंड, विभूति खंड. पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्यांदा चुकीच्या खंडात जाणार हे ठरलेलं. आज या सगळ्या ‘वि’मधून पंचवीसेक मराठी मंडळी समोर बसली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलेला आहे.

आधी एक काम करू. तुमच्यापैकी किती जणांचा महाराष्ट्रात फ्लॅट आहे? हात वर करा. तेरा, चौदा, पंधरा. मागच्या रांगेतल्या काकूंनी दोन हात वर केले आहेत. एक त्यांचा आणि एक घरी राहिलेल्या काकांचा. काकू, एक हात खाली घ्या. हात दाखवून मोजणी होते तेव्हा हजर माणसाचाच हात मोजतात. गैरहजर माणसाचा हात दुसऱ्याने वर करायचा नसतो. हसू नका, कंपनी कायद्यातही अगदी हेच लिहिलं आहे, आणि आजचं निम्मं व्याख्यान यातच आलं.

विषय कुठून निघाला ते सांगतो. इथल्या एका निवृत्त गृहस्थांचा पुण्यात फ्लॅट आहे. सोसायटी जुनी, आता पुनर्विकासाचं चाललं आहे. त्यांना पत्र आलं. विशेष सर्वसाधारण सभा अमुक तारखेला आहे, आपण लांब असता, येणं जमत नसेल तर सोबतच्या प्रॉक्सी फॉर्मवर सही करून पाठवा, आपल्या वतीने समितीतले कोणी मत देतील. फॉर्मवर प्रॉक्सीच्या नावाची जागा कोरी. गृहस्थ मला म्हणाले, ‘साहेब, सही करू का? चांगली माणसं आहेत.’ माणसं चांगली असतीलही. प्रश्न त्यांच्या चांगुलपणाचा नाही. अशा कागदाला त्या सभेत कायद्याने काही किंमत आहे का, हा आहे. त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल.

‘प्रॉक्सी’ शब्द आपल्याला कॉलेजात भेटतो. मित्र सिनेमाला जातो आणि आपण त्याच्या नंबराला ‘येस सर’ म्हणतो. म्हणजे फसवणूक. आमच्या पेशात ‘प्रॉक्सी वॉर’ म्हणतात. तिथे लढवणारा म्हणतो मी नाहीच. म्हणजे नाकबुली. कायद्यातली प्रॉक्सी या दोन्हींच्या उलट असते. नाव उघड, सही उघड, कागद आधी जमा केलेला आणि इतर सभासदांना तपासायला मिळणारा. इंग्रजीत हा शब्द ‘प्रोक्युरसी’पासून आला, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणं. हिंदी कायद्यात यालाच ‘परोक्षी’ म्हणतात. मला तो शब्द आवडतो. परोक्ष म्हणजे डोळ्याआड. तुमच्या डोळ्याआड तुमच्या नावाने जो मत देतो तो परोक्षी. शिवाय एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात. जो माणूस नेमला तोही प्रॉक्सी आणि ज्या कागदाने नेमला तोही प्रॉक्सी. वाचताना कोणती प्रॉक्सी म्हणताहेत हे पाहायचं, नाहीतर गोंधळ होतो.

आता मूळ तत्त्व. सभेतलं मत जातीने हजर राहून द्यायचं असतं. दुसऱ्याकरवी मत देण्याचा हक्क आपोआप कोणालाच नसतो. इंग्लंडच्या न्यायालयाने हे हार्बन विरुद्ध फिलिप्स या खटल्यात १८८३ साली स्पष्ट केलं. कायद्याने किंवा संस्थेच्या नियमांनी तसा हक्क दिला असेल तरच तो असतो. म्हणजे ‘प्रॉक्सी का चालत नाही’ असं विचारायचंच नाही. ‘प्रॉक्सी चालते असं कुठे लिहिलंय, दाखवा’ असं विचारायचं. गंमत अशी की त्याच इंग्लंडात हाउस ऑफ लॉर्ड्सचे उमराव १८६८पर्यंत प्रॉक्सीने मत देत होते. उमरावांना परवानगी होती म्हणून देत होते, एवढंच.

आपल्याकडे ही परवानगी ठळकपणे कंपनी कायद्यात आहे. २०१३च्या कायद्याचं कलम १०५, आणि त्याआधी १९५६च्या कायद्यात कलम १७६. भागभांडवल असलेल्या कंपनीच्या सभेला हजर राहून मत द्यायचा ज्याला हक्क आहे, तो आपल्याऐवजी दुसऱ्याला प्रॉक्सी नेमू शकतो. तो दुसरा माणूस स्वतः भागधारक असायची गरज नाही. मुलगा, शेजारी, सीए, कोणीही चालतो. सभेच्या नोटिशीत हा हक्क ठळकपणे छापावा लागतो. पण पुढच्याच वाक्यात दोन अटी येतात. प्रॉक्सीला सभेत बोलायचा हक्क नाही आणि रीतसर मतमोजणी, म्हणजे ‘पोल’, होईल तेव्हाच त्याला मत देता येतं. हात वर करण्यात तो नाही. काकू, तुमच्या डाव्या हाताचा निकाल या वाक्याने लागला.

हे नीट समजावं म्हणून फौजेतलं उदाहरण देतो. कमांडिंग ऑफिसर रजेवर जातो तेव्हा त्याचा टू-आय-सी ऑफिशिएट करतो. तो त्या खुर्चीचे अधिकार वापरतो. स्वतःच्या अकलेने निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारीही घेतो. दुसरीकडे डिस्पॅच रायडर. तो पाकीट पोहोचवतो, आत काय आहे ते त्याला माहीतही नसतं. प्रॉक्सी या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. तुम्ही फॉर्मवर प्रत्येक ठरावापुढे ‘बाजूने’ किंवा ‘विरुद्ध’ अशी खूण केलीत तर तो जवळजवळ डिस्पॅच रायडर. खूण न करता सही केलीत तर तो अर्धा ऑफिशिएटिंग ऑफिसर झाला. मत कसं द्यायचं ते त्याच्या मर्जीवर. आपल्याकडे बहुतेक लोक खूण करत नाहीत. सही करतात आणि चहा पितात.

कायद्याच्या भाषेत प्रॉक्सी हा एजंट असतो, म्हणजे मुखत्यार, आणि तोही एका कामापुरता. करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २११प्रमाणे एजंटने मालकाच्या सूचनेनुसार काम करायचं. नाही केलं आणि त्यात मालकाचं नुकसान झालं तर भरपाई द्यायची. पण हा तुमचा आणि त्याचा हिशोब. सभेच्या टेबलावर बसलेला अध्यक्ष ‘तुम्हाला घरून काय सांगून पाठवलंय’ असं विचारत बसत नाही. म्हणून माणूस निवडताना विचार करायचा. नंतर कोर्टात भरपाई मागता येते, पण ठराव तोवर मंजूर होऊन गेलेला असतो.

आता बोलण्याच्या हक्काविषयी. लोकांना ही अट किरकोळ वाटते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मत आणि आवाज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रॉक्सीकडून तुम्ही मत पाठवता, आवाज नाही. यावर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४च्या मे महिन्यातला एक निकाल वाचण्यासारखा आहे. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर गोदरेज इंडस्ट्रीज आणि वडाला कमॉडिटीज यांच्या विलीनीकरणाचं प्रकरण होतं. प्रश्न असा आला की पोस्टाने आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मतं घेतली की झालं, मग प्रत्यक्ष सभा हवीच कशाला? न्यायालयाने सांगितलं, सभा काढून टाकता येणार नाही. ई-मतदान जरूर द्या, पण ते सभेच्या जोडीला. कारण भागधारकाचा हक्क बटण दाबण्याएवढाच नसतो. त्याला प्रश्न विचारायचा असतो, उत्तर ऐकायचं असतं, दुसऱ्याला पटवायचं असतं आणि ऐकून स्वतःचं मत बदलायचं असतं. हे मी माझ्या शब्दांत सांगतो आहे. मूळ निकाल फार मोठा नाही, इंग्रजी सोपं आहे, वाचा.

प्रॉक्सी नेमताना तुम्ही नेमकं हेच सोडून देता. सभेत नवी माहिती बाहेर आली, एखाद्याने हिशोबातली चूक दाखवून दिली, तरी तुमचा प्रॉक्सी उठून प्रश्न विचारू शकत नाही. त्याला कोरमसाठीही मोजत नाहीत. गणपूर्तीला सभासद जातीने हजर लागतात. खोलीत वीस प्रॉक्सी बसले असले आणि सभासद एकही नसला तर कायद्याच्या दृष्टीने खोली रिकामी आहे.

कागदाचे नियम भराभर सांगतो. फॉर्म एमजीटी-११. त्यावर एकाखाली एक तीन नावं लिहिता येतात, पहिला नाही आला तर दुसरा, तो नाही आला तर तिसरा. रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही. सभेच्या ४८ तास आधी कंपनीकडे पोहोचला पाहिजे. कंपनीचे नियम याहून जास्त आधी मागू शकत नाहीत. एक माणूस जास्तीत जास्त ५० सभासदांचा प्रॉक्सी होऊ शकतो आणि त्या सगळ्यांचे मिळून मताधिकार असलेल्या भांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त शेअर नसावेत. एकाच्या खिशात सगळ्या गावाची मतं जमा होऊ नयेत म्हणून ही मर्यादा. मत द्यायचा हक्क असलेल्या सभासदाला जमा झालेल्या प्रॉक्सी तपासताही येतात. तीन दिवस आधी लेखी कळवायचं, मग सभेच्या २४ तास आधीपासून सभा संपेपर्यंत कागद पाहता येतात. हा हक्क वापरलेला मी क्वचित पाहिला. वापरायला हवा.

आणि कोरा फॉर्म? कंपन्यांच्या सभांसाठी सेक्रेटरीअल स्टँडर्ड आहे, दुसऱ्या क्रमांकाचं. त्यात स्पष्ट आहे की प्रॉक्सीचं नाव नसलेला फॉर्म वैध धरू नये, तारीख नसलेलाही धरू नये. एकाच शेअरवर दोन प्रॉक्सी आल्या तर शेवटच्या तारखेची खरी. म्हणजे तारीख टाकणं हा सोपस्कार नाही, तुमचा बदललेला विचार त्या तारखेवर टिकतो.

विचार बदलला तर काय, हे पुष्कळांना माहीत नसतं. कंपनीत तुम्ही प्रॉक्सी देऊनही स्वतः सभेला जाऊ शकता. तुम्ही जातीने मत दिलं की प्रॉक्सीचं मत बाद. १९३१ सालच्या इंग्लंडातल्या एका विटांच्या कंपनीच्या खटल्यापासून हे चालत आलं आहे. मालक स्वतः आला की मुखत्याराने बाजूला व्हायचं, साधं आहे. लेखी कळवून प्रॉक्सी रद्दही करता येते, पण ते पत्र सभा सुरू होण्याआधी पोहोचलं पाहिजे. यातली एक गोष्ट ऐकून लोक दचकतात. एरवी मालक वारला की मुखत्यारी संपते, करार कायद्याचं कलम २०१ तेच सांगतं. पण कंपनी कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीत, ज्याला टेबल-एफ म्हणतात, असं आहे की सही करणारा वारला आणि सभा सुरू होईपर्यंत कंपनीला लेखी कळवलं नसेल, तर प्रॉक्सीने दिलेलं मत वैध. म्हणजे माणसाचं तेरावं झालेलं असतं आणि त्याचं मत संचालक निवडत असतं. नियम सोयीचा आहे, कंपनीने प्रत्येकाची नाडी तपासत बसू नये. पण घरात कोणी गेलं की बँकांना कळवण्याच्या यादीत शेअर असलेल्या कंपन्याही लिहा.

संचालकांचं काय, असा प्रश्न नेहमी येतो. संचालक मंडळाच्या बैठकीला प्रॉक्सी नाही. संचालकाला त्याच्या स्वतःच्या विवेकासाठी निवडलेलं असतं, तो विवेक उसना देता येत नाही. तो तीन महिने किंवा जास्त देशाबाहेर असेल तर मंडळ पर्यायी संचालक नेमू शकतं, पण तो पूर्ण संचालक असतो, टपाल नेणारा नव्हे.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर एक सांगितलं पाहिजे. मोठ्या नोंदलेल्या कंपन्यांत ही प्रॉक्सी आता झाकोळली आहे. कोविडमध्ये ८ एप्रिल २०२०ला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने व्हिडिओवर सभा घ्यायला परवानगी दिली, आणि अशा सभेत घरबसल्या जातीने हजर राहता येतं म्हणून प्रॉक्सीची सोय काढून घेतली. पुढे ही पद्धत वाढत गेली. शिवाय कित्येक दिवस आधीपासून ई-मतदान खुलं असतं. इचलकरंजीतला यंत्रमागवाला मुंबईच्या कंपनीच्या सभेत मोबाइलवरून प्रश्न विचारू शकतो. प्रॉक्सीची फारशी गरज उरली नाही हे चांगलंच झालं. खाजगी कंपन्यांत मात्र ती जिवंत आहे, विशेषतः भावाभावांच्या कंपन्यांत. तिथे कंपनीची स्वतःची नियमावली प्रॉक्सीबद्दल वेगळं काही ठरवू शकते, ते आधी वाचायचं.

आता बँक. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांकडे बँक ऑफ महाराष्ट्रचे शेअर असतील. मराठी माणसाला ते घरचेच वाटतात, लोकमंगलवरून गेलं की आपलीच इमारत. पण ही कंपनी कायद्याखाली स्थापन झालेली कंपनी नव्हे, राष्ट्रीयीकृत बँक आहे. तिला स्वतःची २००४ सालची शेअर आणि सभांची नियमावली आहे आणि तिथली प्रॉक्सी फार कडक आहे. फॉर्म सभेच्या निदान चार दिवस आधी मुख्य कार्यालयात पोहोचायला हवा. एकदा जमा केलेली प्रॉक्सी मागे घेता येत नाही. ती देणाऱ्याला त्या सभेत स्वतः मत देता येत नाही. आणि बँकेचा अधिकारी किंवा कर्मचारी प्रॉक्सी होऊ शकत नाही. शाखेतला ओळखीचा मॅनेजर कितीही सज्जन असला तरी त्याचं नाव घालून उपयोग नाही. कंपनीत तुम्ही दारात पोहोचलात की प्रॉक्सी गळून पडते, बँकेत दारात पोहोचून तुम्हीच गळता. शब्द एकच, फॉर्म दिसायला सारखा, अर्थ उलटा. म्हणून मी म्हणतो, आधी कुठल्या घरात आहोत ते पाहा.

आणि मग सोसायटी. पुण्यातल्या त्या पत्राकडे येतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम २७. एका सभासदाला एकच मत, आणि ते त्याने जातीने द्यायचं, प्रॉक्सीमार्फत नाही. इतकं सरळ लिहिलं आहे. कंपनीत पैसा मत देतो, जितके शेअर तितकी मतं, म्हणून ते मत दुसऱ्याच्या हातात देणं कायद्याला चालतं. सहकारात माणूस मत देतो. पाच हजार चौरस फुटांच्या मालकाला एक आणि वन-रूम-किचनवाल्याला एक. तिथे माणूसच वजा केला तर उरतं काय? केंद्राचा बहुराज्यीय सहकारी संस्थांचा २००२चा कायदाही वैयक्तिक सभासदाबद्दल हेच म्हणतो.

तेव्हा त्या फॉर्मला त्या सभेत किंमत शून्य. त्यावर सही करून काही मिळत नाही. धोका मात्र पत्करला जातो, कारण उद्या इतिवृत्तात ‘अमुक सभासदांची संमती प्राप्त’ असं लिहायला कोणाच्या तरी हातात तुमची सही राहते. पुनर्विकासात सही सोन्याच्या भावाची असते. राज्य शासनाचा ४ जुलै २०१९चा निर्णय आहे, कलम ७९-अ खालचा. त्यात पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती मागितली आहे. तिथे प्रत्येक डोकं मोजलं जातं. म्हणून तर लखनौपर्यंत पत्र येतं.

लगेच पुढचा प्रश्न येतो, मग कुलमुखत्यारपत्र देऊ का भाच्याला? फ्लॅट भाड्याने देणं, बिलं भरणं, वकील लावणं, या कामांना ते उत्तम. मतापुरतं मात्र ते प्रॉक्सीचंच मोठ्या स्टॅम्पपेपरवरचं रूप आहे. कायदा ‘जातीने’ म्हणतो तेव्हा कागद जाड करून भागत नाही.

पण दार पूर्ण बंद नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण परराज्यात राहणाऱ्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. पहिलं, शेअर सर्टिफिकेटवर दोन नावं असतील तर पहिल्या नावाचा सभासद हजर असताना मत त्याचं. तो नसेल तर दुसऱ्या नावाचा देऊ शकतो. म्हणजे काकांना गुडघ्यांमुळे जमत नसेल आणि सर्टिफिकेटवर काकूंचं नाव दुसरं असेल, तर काकू एकट्या पुण्याला जाऊन मत देऊ शकतात. ती प्रॉक्सी नव्हे, त्या स्वतः भागीदार आहेत. घरी गेल्यावर आधी सर्टिफिकेट काढा आणि नावांचा क्रम पाहा. खरेदीखतावर दोघांची नावं आणि सर्टिफिकेटवर एकाचंच, असं सर्रास आढळतं.

दुसरं, सहयोगी सभासद. २०१९ साली या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १५४-बी क्रमांकाच्या कलमांचं स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात सभासदाच्या लेखी शिफारशीवरून नवरा, बायको, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची यांना सहयोगी सभासद करून घेता येतं. त्यांचं नाव शेअर सर्टिफिकेटवर नसतं, पण सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने ते त्याचे हक्क आणि कर्तव्यं बजावू शकतात. या यादीत शेजारी नाही, सेक्रेटरी नाही, बिल्डरचा माणूस तर नाहीच. कायद्याने रक्ताची आणि लग्नाची नाती घेतली आणि बाकीच्यांना बाहेर ठेवलं. मला ही यादी शहाणपणाची वाटते. जरी, खरं सांगायचं तर, घरातले वादही याच यादीतून निघतात.

म्हणून त्या गृहस्थांना मी म्हटलं, फॉर्म परत पाठवा, सही न करता. सोबत दोन कागद लावा. पुण्यात राहणाऱ्या मुलीला सहयोगी सभासद करून घेण्याचा अर्ज, आणि तिला हक्क बजावू देण्याची लेखी संमती. पोच शिक्क्यासह घ्या, कुरिअरची पावती म्हणजे पोच नव्हे. सभेच्या आदल्या दिवशी ही धावपळ करून उपयोग नाही, तिला आधी समितीने रीतसर सभासद करून घ्यावं लागतं. आणि मुलीला नुसतं ‘हो म्हण’ किंवा ‘नाही म्हण’ सांगून पाठवू नका. चटईक्षेत्र किती, भाडं किती महिने, बँक गॅरंटी किती, हे तिने सभेत विचारायचं आहे. प्रॉक्सीला जे करता येत नाही ते तिला करता येतं.

इथे उत्तर प्रदेशात फ्लॅट असलेल्यांना वेगळा कायदा लागू होतो, २०१०चा अपार्टमेंट कायदा आणि त्याखालचे उपविधी. महाराष्ट्राचं कलम २७ इथे आणून भांडू नका, आपल्या असोसिएशनच्या नोंदलेल्या उपविधींची प्रत मागा. आणि ज्यांचे पैसे नोएडाकडच्या रखडलेल्या प्रकल्पांत अडकलेत, त्यांच्यासाठी प्रॉक्सीचा एक तिसराच चुलतभाऊ आहे. बिल्डर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला की घर घेणारे धनको धरले जातात. हजारोंना सभेत बसवणं शक्य नसतं, म्हणून त्यांचा एक अधिकृत प्रतिनिधी असतो. मतदान केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मतहिस्सा जिकडे असेल, त्याप्रमाणे तो सगळ्यांचं मत देतो. म्हणजे तुम्ही ‘विरुद्ध’ म्हणालात तरी तुमचं मत ‘बाजूने’ पडू शकतं. जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२१ला सांगितलं की घर घेणाऱ्यांच्या वर्गाने बहुमताने होकार दिल्यावर त्यातल्या एकट्यादुकट्याला वेगळा विरोध करता येत नाही. तिथे लढाई सभेत नसते, त्याआधीच्या आपसातल्या मतदानात असते. त्या ई-मेलकडे दुर्लक्ष करू नका.

शेवटी, समोरून चिठ्ठी आली आहे, ‘निवडणुकीत प्रॉक्सी असते का?’ असते, पण फार थोड्यांना. २००३ साली कायदा दुरुस्त करून सैन्यदलातल्या मतदारांना ही सोय दिली. परदेशस्थ भारतीयांना द्यावी म्हणून विधेयक आलं होतं, ऑगस्ट २०१८मध्ये लोकसभेने मंजूरही केलं, पण राज्यसभेत अडकलं आणि २०१९ला लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. जवानाला मात्र फॉर्म १३-एफ भरून आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या कोणालाही प्रॉक्सी नेमता येतं. तो माणूस तिथे मतदार म्हणून नोंदलेला नसला तरी चालतो, फक्त अपात्र नसावा. एकदा नेमला की पुढच्या निवडणुकांनाही तोच, रद्द करेपर्यंत. प्रॉक्सी म्हणून मत देताना शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, म्हणजे स्वतःच्या मतासाठी तर्जनी मोकळी राहते.

जवान पोस्टिंगवर असेल तर या फॉर्मवरची सही त्याने कमांडिंग ऑफिसरसमोर करायची असते. २००४च्या लोकसभेच्या वेळी मी त्या खुर्चीत होतो. बहुतेकांनी वडिलांचं नाव लिहिलं, काहींनी बायकोचं. सातारा जिल्ह्यातल्या एका नाईकाने विचारलं, ‘साहेब, नाव थोरल्या भावाचं घालतो, पण तो माझ्या मनातल्याला मत देईल हे कशावरून?’ मी म्हटलं, कशावरूनच नाही. मतपेटीजवळ तो एकटा असेल, तू नसशील आणि नंतर कोणी सांगणारही नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि भावाचं नाव लिहून गेला. पुढे काही महिन्यांनी विधानसभेच्या निवडणुका लागल्या तेव्हा तो परत आला. बदलाचा फॉर्म १३-जी मागितला. भावाचं नाव काढून बायकोचं घातलं. कारण मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

चला, प्रश्न घेऊ. पण आधी ज्यांनी शेअर सर्टिफिकेटचा फोटो मोबाइलमध्ये आणला आहे ते पुढे या, नावांचा क्रम बघून टाकू.